झिजायचे कोणी?

डोंबिवलीहून ठाण्याला विज्ञान प्रदर्शनाचे साहित्य घेऊन आम्ही निघालो होतो. जीपच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडला होता. ट्रेलर घरगुती : अँगलचा सांगाडा, प्लायवुडचा तळ आणि भंगारातून आणलेला आस, दोन्ही टोकांच्या हबांसकट. (अशा ट्रेलरलाही परिवहन कार्यालयाची नोंदणी लागते. ती केलेली होती, हे आधीच सांगून टाकतो.) तो आस मूळचा कोणत्या गाडीचा, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नव्हते. कल्याण-शीळ रस्त्यावर डाव्या चाकातून आधी गुणगुण आणि मग करकर सुरू झाली. शीळ फाट्याच्या अलीकडे थांबून पाहिले तर हबला हात लावता येईना. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, ते चर्र आवाज करून उडून गेले. म्हणजे हबचे तापमान १०० अंशांच्या वर गेलेले होते.

जवळच्या गॅरेजमधल्या कारागिराने चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, बेअरिंगचा नंबर काय?"

आमच्यात भौतिकशास्त्राचे दोन पदवीधर होते. घर्षणाचे नियम दोघांनाही पाठ होते. नंबर मात्र कुणालाच ठाऊक नव्हता.

बेअरिंगला नंबर असतो आणि तो सांगितला की कुठल्याही गावच्या दुकानातून नेमका तोच भाग मिळतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. पण ही सोय माणसाला फार उशिरा मिळाली. चाक काही हजार वर्षांचे आहे, नंबर जेमतेम शतकभराचा. या दोहोंच्या मध्ये काय घडले, याचा एक चांगला साक्षीदार आमच्या त्या रस्त्यापासून जवळच आहे : ठाणे-कल्याण लोहमार्ग.

पण आधी बैलगाडी पाहू. तिचा आस फिरत नाही, चाक फिरते. चाकाच्या मध्यभागी लाकडी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे आणि कडेला लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात बसवलेली लोखंडी नळी आसाच्या टोकावर फिरते. चाक निसटू नये म्हणून बाहेरून खीळ घालतात आणि नळी व आस यांच्यामध्ये वंगण भरतात. वंगण संपले की गाडी कुरकुरू लागते आणि ते शेजारच्या शेतातही ऐकू येते.

बैलगाडीचे चाक एवढे मोठे का असते, असे मुलांना विचारून पाहावे. खड्डे ओलांडायला सोपे जाते, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. समजा, चाकाचा व्यास दीड मीटर आहे आणि आसाच्या टोकाचा ५ सेंटिमीटर. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४.७ मीटर पुढे जाते, पण नळी आसावर घासते ती फक्त १५.७ सेंटिमीटर. म्हणजे ३० मीटर रस्ता तोडला की घासणे झाले एक मीटर. जमिनीवरून ओढत नेण्याच्या मानाने चाकाने केलेली ही मोठी युक्ती आहे. घर्षण नाहीसे झालेले नाही. ते लहानशा जागेत कोंडले आहे, आणि तेथे वंगण घालता येते.

झीज मात्र राहतेच. बैलगाडीत नळीही झिजते आणि आसही झिजतो. चाक लडबडू लागले की सुतार आणि लोहार ते दुरुस्त करतात. त्यांच्या हाताचे माप हेच प्रमाण. एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीला बसेलच असे नाही, आणि बसावे अशी कुणाची अपेक्षाही नसते. गाडी, सुतार आणि लोहार एकाच गावात असतात तोवर यात काही अडत नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, हे तपशील शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. इंजिनांची नावे लक्षात राहिली. डब्यांच्या खाली कोपऱ्यात असलेल्या ओतीव लोखंडाच्या पेट्यांकडे कोण पाहणार? आज आपण त्याच पाहू.

रेल्वेने बैलगाडीची रीत उलटी केली. तिथे चाके आसावर घट्ट बसवलेली असतात आणि सबंध आसच फिरतो. दोन चाकांमधले अंतर रुळांच्या अंतराशी कायम जुळते राहावे, हे त्याचे एक कारण. डब्याचे वजन चाकांच्या बाहेर आलेल्या आसाच्या दोन टोकांवर येते. प्रत्येक टोक एका पेटीत असते. पेटीत वरच्या बाजूने पितळेचा एक अर्धगोल तुकडा आसाच्या टोकावर खोगिरासारखा बसतो. खालून वंगण. फिरत्या भागाला आधार देणारा हा जो तुकडा, तेच बेअरिंग. आपल्या परिभाषेत त्याला 'धारवा' असा चांगला शब्द आहे, पण गॅरेजमध्ये तो कुणी उच्चारल्याचे आम्ही ऐकलेले नाही, म्हणून इथे बेअरिंगच म्हणू.

चाकाचा व्यास ३ फूट आणि आसाच्या टोकाचा ३ इंच धरला तर प्रमाण बारास एक येते. बोरीबंदर ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर. तेवढ्या प्रवासात प्रत्येक पितळ लोखंडावर जवळजवळ २.८ किलोमीटर घासले जाणार, तेही टनावारी ओझ्याखाली. १ मे १८५४ रोजी ठाण्याची खाडी ओलांडून मार्ग कल्याणपर्यंत गेला, १८६३ मध्ये भोरघाट चढला. दर टप्प्याला घासण्याचे किलोमीटर वाढत गेले, आणि गावातला लोहार प्रत्येक स्थानकावर नव्हता.

इथे एक निर्णय महत्त्वाचा ठरतो. दोन पृष्ठभाग घासणार असतील तर दोहोंपैकी कोणी झिजायचे? आस घडवणे कठीण आणि महाग. तो मोडला तर डबाच रुळावरून उतरतो. पितळेचा तुकडा लहान, स्वस्त. डबा जॅकवर थोडा उचलला की बदलता येणारा. म्हणून आधारासाठी मुद्दाम मऊ धातू निवडायचा, म्हणजे झीज त्याच्या वाट्याला येईल. अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये या विचाराला आणखी पुढे नेणारे पेटंट घेतले. पितळेच्या आतून कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या पांढऱ्या मिश्रधातूचा थर द्यायचा, अशी ती कल्पना. हा थर इतका मऊ की वाळूचा कण आलाच तर तो त्यात रुतून बसतो, आसाला ओरखडा पडत नाही. बैलगाडीत झीज आपोआप होत होती. रेल्वेत ती कुठे व्हावी हे आधी ठरवले गेले.

वंगण संपले तर मात्र मऊ धातूही काही करू शकत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये वाघिणींच्या पेट्यांत चरबी, पामतेल, सोडा आणि पाणी यांचे घट्ट मिश्रण भरत. गंमत अशी की ते पातळ होऊन आसापर्यंत पोचायला आधी आस थोडा तापावा लागे! पुढे तेलात भिजवलेल्या सुती धाग्यांचे बोळे किंवा गाद्या पेटीत खालून लावण्याची पद्धत आली. बोळा सरकला, तेल आटले, पाणी शिरले की पेटी तापू लागते. पांढरा धातू वितळून वाहतो, पितळ आसाला धरते, धूर निघतो, आणि अखेर लाल झालेले आसाचे टोक ओझ्याखाली पिळवटून तुटते. रेल्वेच्या भाषेत याला 'हॉट ॲक्सल' म्हणतात. आपल्याकडे त्यात आणखी एक भर होती. पितळेला बाजारात किंमत असल्याने यार्डात उभ्या असलेल्या वाघिणींच्या पेट्यांतून ते नाहीसेही होई.

न थांबता जाणारी गाडी स्थानकातून धडधडत निघते तेव्हा रेल्वेचा कर्मचारी हातात झेंडा घेऊन तिच्याकडे टक लावून पाहत उभा असतो. आपल्याला वाटते तो फक्त झेंडा दाखवतो आहे. तो चाकांकडेही पाहत असतो : कुठे धूर, कुठे ठिणग्या, कुठे काही लोंबते आहे का. गाडी थांबली की तपासनीस पेट्यांना हात लावून पाहत. आता त्या कामाला अवरक्त किरणांवर चालणारे तापमापक आले आहेत, पण प्रश्न तोच आहे आणि आम्ही शीळ फाट्यावर अडाणीपणाने केलेली चाचणीही तीच.

या पितळेच्या खोगिराखाली खरोखर काय चालते, हे बराच काळ कुणालाच नीट ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने हे शोधण्याचे काम बोशॅम्प टॉवर यांच्याकडे दिले. १८८३ च्या सुमारास त्यांनी ४ इंच व्यासाचा आस, त्यावर अर्ध्याहून किंचित कमी वेढा घेणारे पितळ आणि खाली तेलाचे भांडे, अशी रेल्वेच्या पेटीसारखीच मांडणी केली. वरून तेल घालून पाहावे म्हणून त्यांनी पितळेला माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू केले तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून बाहेर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. मग टॉवर यांनी तिथे दाबमापक लावला. ओझे सगळ्या पृष्ठभागावर सारखे वाटले तर दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड दाब यायला हवा होता. मापकाचा काटा २०० च्या पलीकडे गेला.

याचा अर्थ काय? धातू धातूवर टेकलेलाच नव्हता. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून पाचरीसारख्या निमुळत्या फटीत कोंबत होता, आणि त्या दाबाने सगळे ओझे तेलाच्या पातळ थरावर तरंगत होते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले. वंगण म्हणजे नुसता बुळबुळीतपणा ही समजूत त्यानंतर अभियंत्यांना सोडावी लागली. पाठ्यपुस्तकांनी ती अजून पुरती सोडलेली नाही, अशी आमची लहानशी तक्रार आहे.

या उपकरणाची एक कमजोरी मात्र त्यातच दडलेली आहे. आस फिरत असेल तरच तेलाची पाचर तयार होते. गाडी उभी राहिली की पितळ आसावर टेकते, आणि पुन्हा निघताना पहिला धक्का धातूवर धातूचा असतो. ठाणे ते कल्याण धीम्या लोकलला कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली आणि ठाकुर्ली असे सहा थांबे आहेत, सुमारे २० किलोमीटरमध्ये. इतक्या वेळा थांबून निघणाऱ्या गाडीला घसरणारे नव्हे, तर गडगडणारे बेअरिंग हवे.

गडगडण्याची कल्पना नवी नव्हती. ओंडक्यांवरून दगड सरकवणे जुनेच आहे. लिओनार्दो दा व्हिंचीच्या वह्यांत गोळ्यांच्या बेअरिंगची चित्रे सापडतात. वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पण दहा गोळ्यांपैकी एक केसभर मोठी असेल तर सगळे ओझे तिच्यावरच येते आणि ती फुटते. सारख्या गोळ्या करायच्या कशा? सायकलमुळे या प्रश्नाला निकड आली, आणि १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारे यंत्र तयार केले. कल्पना आणि ती प्रत्यक्षात आणणारी अचूकता यांत जवळजवळ शंभर वर्षे गेली.

गाड्यांच्या दृष्टीने पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे, आणि ती घातली एका बग्गी बनवणाऱ्याने. अमेरिकेतील सेंट लुईस येथे हेन्री टिमकेन यांचा गाड्यांचा कारखाना होता. ओझ्याची गाडी वळते तेव्हा चाकाच्या हबला केवळ वरून दाब येत नाही, बाजूनेही रेटा बसतो. सरळ रूळ त्याला दाद देत नाहीत. टिमकेन आणि त्यांचा भाचा यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. निमुळता रूळ दोन्ही रेटे पेलतो. तो घसरत का नाही, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकलावा. तो सरळ न जाता वर्तुळात गडगडतो, आणि त्या वर्तुळाचे केंद्र पेल्याच्या शंकूचे टोक जिथे पडेल तिथेच असते. बेअरिंगमधल्या सगळ्या रुळांची अशी टोके आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतील असे माप ठेवले की प्रत्येक रूळ आपल्या वर्तुळात न घसरता फिरतो.

रेल्वे कंपन्या लगेच पटल्या नाहीत. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सर्व आसांवर रोलर बेअरिंगे लावलेले वाफेचे एक अवाढव्य इंजिन बनवून घेतले आणि शिकागोच्या स्थानकात ते तीन तरुणींकडून दोराने ओढून दाखवले. जाहिरात होती, पण खोटी नव्हती. आपल्याकडे जयपूर येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजने देशात बेअरिंगे बनवायला घेतली आणि रेल्वेसाठीही ती केली. पेरांबूरचा डब्यांचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. तिथल्या डब्यांबरोबर रोलर बेअरिंग रुळले. मालगाड्यांत पितळ अधिक टिकून राहिले. १९८० च्या दशकात 'बॉक्स-एन' वाघिणी आल्या त्या निमुळत्या रुळांची बंद बेअरिंगे घेऊनच. झिजणारा भाग आता इतका काटेकोर झाला होता की तो ना स्थानकावर घडवता येत होता, ना यार्डात. तो बदलायचाच. आणि बदलायचा तर त्याचे माप साऱ्या जगात एक असायला हवे. नंबर येतो तो इथून.

गॅरेजकडे परत येऊ. चाकाखाली विटा लावून ट्रेलर जॅकवर घेतला. हबची टोपी काढली, कॉटर पिन सरळ करून ओढली, नट आणि वायसर काढले, तसा हब हातात आला. आत एकाच मापाची दोन बेअरिंगे होती, एक बाहेरच्या तोंडाशी, एक आत. प्रत्येकाचे दोन भाग : रुळांसकट असलेला आतला कोन, आणि हबमध्ये ठोकून बसवलेली पोलादी वाटी. रुळांवर निळसर-जांभळी छटा आली होती. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापल्याची ती खूण.

नंबर कड्याच्या तोंडावर कोरलेला असतो. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगचा नंबर वाचायला मुलांनाही आवडतो. ६२०५ मध्ये ६ म्हणजे खोल खाचेचे गोळ्यांचे बेअरिंग, २ ही जाडी-रुंदीची मालिका, आणि शेवटचे ०५ गुणिले ५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा पाचाचा पाढा चालतो. निमुळत्या रुळांच्या ३०२०५ लाही आतला व्यास २५ मिलिमीटरच. ही झाली मेट्रिक घराण्याची रीत. टिमकेनच्या इंची घराण्यात मात्र अंकांवरून असे माप काढता येत नाही आणि कोनाला व वाटीला वेगवेगळे नंबर असतात.

रॉकेलने पुसल्यावर आमच्या वाटीवर एल ४४६१० असा आकडा दिसला. इंची घराणे. कोनावरचा आकडा घासून गेला होता. कारागीर म्हणाला, "वाटीवरून कोन ठरत नाही. याच वाटीत दोन कोन बसतात." ते बरोबर होते. एल ४४६४३ चा आतला व्यास २५.४ मिलिमीटर, म्हणजे नेमका एक इंच. एल ४४६४९ चा सुमारे २७. बाहेरून दोन्ही सारखेच. आता आसच मोजायला हवा होता. प्रदर्शनाच्या खोक्यात शाळेची व्हर्नियर कॅलिपर होती. तिने आम्ही वर्षानुवर्षे काचेच्या गोट्या मोजत आलो होतो. लघुत्तम माप ०.१ मिलिमीटर. २५ आणि २५.४ यांतला फरक ओळखायला ते पुरते.

उजवे चाक काढून तिकडचा आस मोजला : २५.४. डावीकडे निघालेला कोन मोजला : २७. मधली जागा भरायला आधीच्या कुणीतरी आसावर पत्र्याची पट्टी गुंडाळली होती! पट्टी सरकली, कोन आसावर स्वतःच फिरू लागला, आणि पोलादी कड्याने आस कुरतडला. व्हर्नियरने डाव्या टोकाची चार ठिकाणी मापे घेतली, कुठे २५.२, कुठे २४.९. जो भाग झिजायलाच नको होता, तोच झिजला होता.

तेव्हा नवे बेअरिंग टाकूनही उपयोग नव्हता. साहित्य टेम्पोने ठाण्याला गेले. आसाचे टोक डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर नवे कातून जोडून घेतले. हबमधल्या चारही वाट्या काढून नव्या ठोकल्या, कारण जुन्या वाटीत नवा कोन घातला तर जुन्या वाटीचे खवले नव्या रुळांना खातात. ठोकताना पोलादावर हातोडा मारायचा नाही, मऊ पितळेची सळई मध्ये धरायची आणि वाटी तिरकी होऊ द्यायची नाही. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद बाजूने दाबत रुळांच्या पलीकडून निघेपर्यंत भरले. नट आवळण्यात अनेकजण चुकतात. चाक फिरवत फिरवत तो आवळायचा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात, आणि मग थोडा सोडायचा. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण वर-खाली धरून हलवले तर जाणवण्याइतके लडबडता कामा नये. धावताना तापून भाग किंचित फुगतात, त्यासाठी ती जागा. नवी कॉटर पिन, नवे ऑइल सील. सील चार पैशांची वस्तू, पण कोकणच्या पावसात पाणी तिथूनच शिरते. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-डोंबिवलीत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची चाके न उघडता ज्यांनी पुढे चालवली, त्यांना पुढे हबमधून तांबडे ग्रीस निघालेले पाहायला मिळाले असणार.

पुढच्या फेरीला मुंब्रा बायपासवर थांबून आम्ही दोन्ही हबांना हात लावून पाहिला. कोमट होते, दोन्ही सारखेच. ट्रेलरच्या दांड्यावर आता पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिले आहे : एल ४४६४३ / एल ४४६१०, आस २५.४.